मॅच चालू असताना २०व्या मिनिटाला ॲनफिल्ड का गातं? गेलेल्या खेळाडूला फुटबॉल फॅन्स विसरत का नाहीत

लिव्हरपूलची मॅच तुम्ही पाहत असाल तर एक गोष्ट नक्की लक्षात आली असेल. स्कोअर काहीही असो, बॉल कुणाकडेही असो, घड्याळात २० मिनिटं झाली की स्टँडमधून एकच गाणं सुरू होतं. समोरच्या टीमचे फॅन्सही अनेकदा टाळ्या वाजवतात. खेळ थांबत नाही. मिनिटभराने सगळं पुन्हा पहिल्यासारखं.

हे गाणं दिओगो जोटाचं आहे. ३ जुलै २०२५ रोजी स्पेनच्या झामोरा प्रांतात झालेल्या कार अपघातात २८ वर्षांचा जोटा आणि त्याचा धाकटा भाऊ आंद्रे सिल्व्हा दोघंही गेले. जोटाच्या लग्नाला तेव्हा जेमतेम ११ दिवस झाले होते. गाणं मात्र त्याच्या मृत्यूनंतर रचलेलं नाही. तो खेळत होता तेव्हापासून फॅन्स ते ‘बॅड मून रायझिंग’च्या चालीवर गात होते, त्याला चिअर करायला. शब्द तेच आहेत, चालही तीच. फक्त ज्याच्यासाठी गायचं तो आता मैदानात नाही.

पण २०वं मिनिटच का?

कारण लिव्हरपूलमध्ये त्याचा जर्सी नंबर २० होता. क्लबने तो नंबर आता सगळ्या टीम्समधून कायमचा निवृत्त केला आहे, म्हणजे पुरुष, महिला, अकॅडमी कुठेच तो कुणाला मिळणार नाही. योगायोग असा की जोटाच्या शेवटच्या सीझनमध्ये लिव्हरपूलने जिंकलेलं लीग विजेतेपदही त्यांचं २०वं होतं. त्याचा शेवटचा गोल एव्हर्टनविरुद्धच्या डर्बीतला, २ एप्रिल २०२५ चा. तेवढ्या एका गोलवर ती मॅच १-० अशी सुटली.

गंमत म्हणजे क्लब बदलला की मिनिटही बदलतं. लिव्हरपूलच्या आधी जोटा वूल्व्ह्जकडून खेळायचा, तिथे नंबर १८, म्हणून तिथले फॅन्स १८व्या मिनिटाला उभे राहिले. पोर्तुगालकडून त्याचा नंबर २१. ती जर्सी आता त्याचा जिवलग मित्र रुबेन नेव्हेस घालतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये आयर्लंडविरुद्धची मॅच गोलशून्य संपणार असं वाटत असताना भरपाईच्या वेळेत गोल केला तो याच नेव्हेसने. देशासाठीचा त्याचा पहिलाच गोल. असलं काही सिनेमात दाखवलं असतं तर आपण ‘काहीही दाखवतात’ म्हणालो असतो.

शांतता पाळायची की टाळ्या वाजवायच्या?

आपल्याकडे श्रद्धांजली म्हटलं की दोन मिनिटं स्तब्ध उभं राहणं आलं. इंग्लंडमध्येही तीच पद्धत होती. अजूनही आहे. पण ८० हजारांच्या स्टेडियममध्ये शांततेची एक अडचण असते. ती मोडायला मोजके लोक पुरतात. १० ऑगस्ट २०२५ ला वेम्बलीवर कम्युनिटी शील्डच्या मॅचआधी जोटासाठी शांतता पाळली जात होती. गर्दीतून आवाज आले आणि रेफ्रीने ती वेळेआधीच आवरती घेतली.

टाळ्यांचं तसं नसतं. कुणी ओरडलं तरी ते त्या आवाजात बुडून जातं. इटलीत अंत्ययात्रेतही टाळ्या वाजवतात. इंग्लंडमध्ये २००५ साली जॉर्ज बेस्ट गेला, त्यानंतर ही प्रथा जास्त रुळली. बेस्टसारख्या माणसाला गप्प राहून निरोप देणं तसंही जरा विचित्रच वाटलं असतं.

तरी शांततेवरच अडून बसलेला एक किस्सा सांगायला हवा. ६ फेब्रुवारी १९५८ च्या म्युनिक विमान अपघातात २३ जण गेले, त्यातले ८ मँचेस्टर युनायटेडचे खेळाडू. ५० वर्षं झाली तेव्हा, फेब्रुवारी २००८ मध्ये, नेमकी युनायटेड विरुद्ध सिटी अशी डर्बी आली. प्रतिस्पर्ध्यांच्या तोंडी म्युनिकवरून चिडवणाऱ्या घोषणा वर्षानुवर्षं होत्या, त्यामुळे काही तरी अभद्र घडेल अशी धास्ती सगळ्यांनाच होती. टाळ्यांचा पर्यायही चर्चेत होता. युनायटेडने शांतताच निवडली. सिटीच्या फॅन्सनी ती पाळली आणि मग मॅचही २-१ ने जिंकली.

सगळीकडे इतकं सभ्य चित्र नसतं. दुर्घटनांवरून चिडवणं इतकं वाढलं की ऑगस्ट २०२३ मध्ये इंग्लंडच्या सरकारी वकिलांच्या यंत्रणेने स्पष्ट केलं, अशा घोषणा देणं हा गुन्हा ठरू शकतो आणि फॅनला स्टेडियमबंदीही होऊ शकते.

मग हे किती वर्षं चालणार?

सोशल मीडियावर हा प्रश्न दबक्या आवाजात विचारला जातो. दर मॅचला गाणं म्हणजे खेळाडूंच्या जखमेवरची खपली दर आठवड्याला काढणं नाही का? प्रश्न अगदीच गैरलागू नाही. १५ ऑगस्ट २०२५ ला बोर्नमथविरुद्धच्या मॅचनंतर मोहम्मद सलाह एकटाच स्टँडसमोर उभा राहून रडला. नोव्हेंबरमध्ये स्कॉटलंड १९९८ नंतर पहिल्यांदा वर्ल्डकपला पात्र ठरलं, त्या रात्री कर्णधार अँडी रॉबर्टसनने सांगितलं की दिवसभर डोक्यातून जोटा जात नव्हता. २०२२ चा वर्ल्डकप दोघांचाही हुकला होता, एकाचा दुखापतीमुळे, दुसऱ्याचा टीम पात्र न ठरल्यामुळे. त्यामुळे पुढच्या वर्ल्डकपचं त्यांचं आपसात बोलणं व्हायचं.

पण हे दुःख स्टँडमधल्या गाण्यामुळे आलेलं नाही. गाणं बंद केलं म्हणून सलाह किंवा रॉबर्टसन विसरणार नव्हते. आणि गाणाऱ्यांनी थांबावं कधी, हे ठरवणार कोण?

स्पेनमधल्या एस्पान्योलचा कर्णधार दानी जार्क ८ ऑगस्ट २००९ रोजी वयाच्या २६व्या वर्षी हृदयविकाराने गेला. २१ नंबरची जर्सी. तेव्हापासून २१व्या मिनिटाला टाळ्या वाजतात, त्या अजून थांबलेल्या नाहीत. आज तिथे टाळ्या वाजवणाऱ्या कित्येक पोरांनी जार्कला खेळताना पाहिलेलंही नाही. २०१० च्या वर्ल्डकप फायनलमध्ये विजयी गोल केल्यावर आंद्रेस इनिएस्ताने जर्सी काढली, तेव्हा आतल्या बनियनवर जार्कचं नाव होतं. इनिएस्ता बार्सिलोनाचा, म्हणजे एस्पान्योलच्या शहरातल्याच कट्टर वैऱ्याचा. तरी पुढे एस्पान्योलच्या मैदानावर त्याला लोकांनी उभं राहून दाद दिली.

फिओरेन्टिनाचा कर्णधार दाविदे अस्तोरी मार्च २०१८ मध्ये हॉटेलच्या खोलीत झोपेतच गेला. नंबर १३. पुढच्या मॅचला १३व्या मिनिटाला खेळ थांबवला गेला. त्या मॅचमधला एकमेव गोल केला व्हिटर ह्युगोने. त्याचा नंबर होता ३१.

तोरिनोचं तर त्याहून जुनं. ४ मे १९४९ ला त्यांची जवळपास अख्खी टीम सुपेर्गाच्या टेकडीवर विमान आदळून गेली, एकूण ३१ माणसं. दरवर्षी त्या दिवशी क्लबचा आत्ताचा कर्णधार टेकडीवर जातो आणि एकेक नाव मोठ्याने वाचतो.

गोव्याची १० नंबरची जर्सी

अशी एक आठवण आपल्या शेजारीही आहे. गोव्याच्या डेम्पो क्लबचा ब्राझिलियन स्ट्रायकर क्रिस्तियानो ज्युनिअर. ५ डिसेंबर २००४, बंगळुरू, फेडरेशन कपची फायनल, समोर मोहन बागान. पहिला गोल त्याचा. दुसरा गोल करताना गोलरक्षकाशी धडक झाली, बॉल जाळ्यात गेला आणि तो खाली कोसळला. उठलाच नाही. वय २५. डेम्पोने कप २-० ने जिंकला, दोन्ही गोल त्याचे.

मैदानावर पुरेशी वैद्यकीय सोय नव्हती, अशी टीका तेव्हा देशभरातून झाली. १२ जून २०२१ ला युरो कपमध्ये डेन्मार्कचा ख्रिस्तियन एरिक्सन असाच कोसळला. तिथे डॉक्टर काही क्षणांत पोचले, डिफिब्रिलेटरचा शॉक दिला गेला आणि तो वाचला. पुढे पुन्हा खेळलाही.

डेम्पोने त्याच सीझनमध्ये, २००४-०५ ला, नॅशनल फुटबॉल लीगही पहिल्यांदा जिंकली. १० नंबरची जर्सी क्लबने निवृत्त केली.