एकेकट्याशी मैत्री

राज्यशास्त्राच्या तासाला ‘द्विपक्षीय संबंध’ हा शब्द आला की ओट्यावर बसून बांधाचा तंटा मिटविणारे दोन शेजारी माझ्या डोळ्यांसमोर उभे राहतात. शब्द मोठा सोज्वळ आहे. परंतु त्या दोघांतला एक सावकार असला म्हणजे? कुळांनी एकत्र येऊन बोलावे हे सावकाराला कधी रुचत नाही. तो एकेकाला वाड्यावर बोलावतो.

दक्षिण चीन समुद्राचेच पाहा. तेथे चीनप्रमाणे व्हिएतनाम, फिलिपाइन्स, मलेशिया व ब्रुनेई हेही हक्क सांगतात. हे चौघे ‘आसिआन’ संघटनेचे सभासद. चीनचे म्हणणे असे, की ज्याचा तंटा त्याच्याशी स्वतंत्र बोलू. संघटनेने मध्ये पडू नये. जुलै २०१२ मध्ये नॉम पेन्ह येथे आसिआनच्या परराष्ट्रमंत्र्यांची बैठक भरली. एप्रिलपासून स्कारबरो खडकांपाशी चीन व फिलिपाइन्सची जहाजे समोरासमोर ठाकली होती. संयुक्त निवेदनात त्याचा उल्लेख हवा, असा फिलिपाइन्सचा आग्रह. यजमान कंबोडियाने, ही द्विपक्षीय बाब आहे, असे सांगून तो नाकारला. संघटनेच्या ४५ वर्षांत प्रथमच ही बैठक निवेदनाविना संपली. जेथे एकमताविना काही ठरत नाही तेथे सर्वांना वश करावे लागत नाही. एक मित्र पुरतो!

कंबोडिया विकला गेला, असे म्हणणे सोपे आहे. मला ते पटत नाही. त्या तंट्यात त्याचा दावा नव्हता. युद्धाने होरपळलेल्या त्या देशाला रस्ते व पूल हवे होते आणि चीन ते बांधून देत होता. फार काय, जुलै २०१६ मध्ये हेगच्या लवादाने फिलिपाइन्सच्या बाजूने निकाल दिला, तरी अध्यक्ष दुतेर्ते ऑक्टोबरात तो निकाल बाजूला ठेवून बीजिंगला गेलेच.

चीनला नावे ठेवताना माझी लेखणी मात्र जरा अडखळते. १९८५ च्या ‘सार्क’च्या सनदेतही द्विपक्षीय व वादग्रस्त प्रश्न चर्चेबाहेर ठेवलेले आहेत, आणि ते आपल्याला सोयीचेच होते. १९९६ साली आपण नेपाळशी महाकालीच्या पाण्याचा करार केला; त्याच वर्षी बांगलादेशाशी गंगेच्या पाण्याचा. महाकालीचे पाणी अखेर गंगेलाच मिळते, तरी करार दोन झाले, वेगवेगळे. आपल्या सरकारची त्यामागे कारणे असतील. पण काठमांडूच्या एखाद्या महाविद्यालयात माझ्यासारखाच कोणी याच विषयावर लिहायला बसला, तर सावकार म्हणून त्याच्या डोळ्यांसमोर कोण उभे राहत असेल?