मोहाखालचा पाचोळा आणि घरातला पहिला ब्लोअर

फाल्गुनातल्या एखाद्या पहाटे देवरी किंवा सडक अर्जुनी तालुक्यातल्या गावाबाहेर, बांधीच्या धुऱ्यावरच्या जुन्या मोहाखाली क्षणभर स्तब्ध उभे राहिले म्हणजे अंधारात फुले गळताना ऐकू येतात. फिकट पिवळसर, रसाने फुगलेले, बोराएवढे ते फूल वाळल्या पानावर पडताना टप् असा मऊ आवाज करते आणि त्याच पानाच्या वळलेल्या कडेखाली दिसेनासे होते. ज्या घरच्या बायका दिवस उजाडण्यापूर्वी टोपल्या घेऊन हे धन वेचायला येतात, त्यांच्यापुढे म्हणूनच फुलांच्या आधी पाचोळ्याचा प्रश्न उभा असतो. मोहाचे पान तळहाताहून मोठे व चिवट, आणि ते गळते नेमके फुलांच्या मोसमात. खराट्याने एका थोरल्या मोहाखालची जमीन लख्ख करायची तर एका बाईची अर्धी सकाळ जाते, आणि दोन दिवसांनी पाहावे तो तेथे पानांचा नवा थर पसरलेला असतो. काडी ओढली की तेच काम घटकाभरात होते आणि राखेने काळ्या झालेल्या जमिनीवर पिवळे फूल दुरूनही ठळक दिसते.

आपल्या गोंदिया जिल्ह्यातल्या कित्येक वणव्यांचा उगम या एका काडीत आहे. राखीव जंगलात आग लावणे हा १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या २६ व्या कलमान्वये गुन्हा आहे. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा काळ म्हणून वनखाते दरवर्षी बंदोबस्त ठेवते, जाळरेषा काढते, हंगामी मजूर नेमते, गावोगाव दवंडी देते. एप्रिल २०२१ मध्ये नागझिरा अभयारण्यातला वणवा विझवताना तीन हंगामी वनमजूर प्राणास मुकले. ती आग कशाने लागली हा या लेखाचा विषय नव्हे. परंतु वाळल्या पाचोळ्यात वाऱ्यावर धावणारी ज्वाळा माणसाला पळायलाही अवकाश देत नाही, हे त्या दिवशी सबंध जिल्ह्याला कळले. इतके कळूनही काडी ओढली जाते, याचे कारण वेचणाऱ्या बाईची बेपर्वाई नाही. तिच्या हाती खराटा आणि काडी यांखेरीज तिसरे साधन कोणी दिले नाही, हे खरे कारण आहे, आणि ज्याने आग न लावण्याचा हुकूम काढला त्याने साधनाचीही तजवीज करायला हवी होती, असे माझे स्पष्ट मत आहे.

ते तिसरे साधन म्हणजे पाचोळा उडवणारा ब्लोअर. वनखात्याच्या जाळरेषांवर तो काही वर्षांपासून दिसतो आणि त्यामुळे गावातल्या माणसालाही त्याची ओळख झाली आहे. जिथे हिवाळ्यात कमरेएवढे बर्फ पडते त्या देशांत खेड्यातला गृहस्थ आपले पहिले बर्फ उडवणारे यंत्र घेताना अंगणाची लांबी मोजतो, बर्फ भुरभुरीत की ओले हे पाहतो आणि मग एंजिनाचा आकार ठरवतो. आपल्याकडे मोजायचे आहे ते मोहाच्या छायेचे क्षेत्र, आणि पाहायचे आहे ते यंत्र वाहून नेणारा खांदा कोणाचा.

या दुसऱ्या गोष्टीत माझी चूक झाली, ती सांगितली पाहिजे. तीन वर्षांपूर्वी आमच्या घरी पहिला ब्लोअर आला तो मी एकट्याने पसंत केलेला. दुकानदाराने पाठीवर बांधायचे मोठे यंत्र पुढे केले, चालू करून दाखवले, दहा हात अंतरावरचा पुठ्ठ्याचा खोका उडवला, आणि जोर पाहून मी पैसे मोजले. तसल्या यंत्राचे एंजिन ५० पासून ७५ सीसीपर्यंत असते आणि वजन पेट्रोल न घालताही नऊ ते अकरा किलो भरते. डोंगरउतारावर कोसभर जाळरेषा साफ करणाऱ्या तरण्या मजुराला ते योग्य; पण आमच्या घरी मोहाखाली जाते ती वहिनी, आणि तिने दोरी चार वेळा ओढून यंत्र खाली ठेवले. "भाऊजी, हे मले पेलत नाही जी," एवढेच ती म्हणाली. त्या वर्षी यंत्र कोठ्यातल्या खुंटीला टांगलेले राहिले आणि मोहाखाली पुन्हा खराटा फिरला. खरेदीच्या वेळी तिला दुकानात नेण्याचे मला सुचले नाही, याची खंत मला अजून वाटते. कारण मोहफुलांचा सारा संसार, वेचण्यापासून वाळवून विकण्यापर्यंत, आपल्या मुलखात बायकांच्या श्रमावर उभा आहे.

दहा-बारा मोह असलेल्या घराला हातात धरायचे, २५ ते २८ सीसीचे, चार-पाच किलोंचे पेट्रोलवरचे यंत्र पुरते. बाजारात ते साधारण आठ हजारांपासून वीस हजारांपर्यंत मिळते. विजेच्या तारेवर चालणारे यंत्र स्वस्त व हलके खरे, पण तार अंगणाच्या पलीकडे जात नाही आणि मोह असतो शिवारात. बॅटरीचे यंत्र दोन-तीन किलोंचे, आवाजाने सौम्य, दोरी ओढण्याचा त्रास नसलेले. मात्र त्यातली लहान यंत्रे पूर्ण जोरावर पंधरा-वीस मिनिटांत थकतात. ज्यांचे दोनच मोह घरालगत आहेत त्यांनी तेच घ्यावे, असे मी सांगेन. अमेरिकेच्या वॉशिंग्टन शहराने २०२२ पासून पेट्रोलच्या ब्लोअरला मनाईच केली, ती मुख्यत्वे त्याच्या कर्कश आवाजासाठी आणि धुरासाठी. बॅटऱ्या सुधारतील तसे आपणही तिकडेच वळू.

पेट्रोलचे घेणाऱ्याने हे ध्यानात धरावे की ही एंजिने बहुधा दुचाकी गाडीसारखी नुसत्या पेट्रोलवर चालत नाहीत. त्यात टू-स्ट्रोक तेल मिसळावे लागते, आणि पन्नासास एक या प्रमाणाने लिटरमागे २० मिलिलिटर तेल पडते. यंत्रासोबतच्या पुस्तिकेत वेगळे प्रमाण असेल तर तेच पाळावे. तेल विसरले की एंजिन एका दिवसात जाम होते, आणि मग तालुक्याच्या ठिकाणी सुटा भाग मिळतो की नाही यावर हंगाम अवलंबून राहतो. म्हणून जोराचे आकडे विचारण्यापूर्वी दुरुस्ती कोण करतो ते दुकानदाराला विचारावे.

सायलेन्सरच्या तोंडाशी ठिणगी अडवणारी जाळी आहे का, हेही पाहून घ्यावे. आग टाळण्यासाठी आणलेल्या यंत्रानेच आग लावू नये, एवढ्यासाठी तापलेला ब्लोअर पाचोळ्यावर कधी टेकवू नये आणि पेट्रोल भरायचे ते उघड्या मातीवर, एंजिन निवल्यानंतर. डोळ्यांना चष्मा आणि कानांत बोळे हवेतच. आणि पहाटे हे यंत्र चालवूच नये. दवाने भिजलेले पान जमिनीला चिकटून बसते, ते उडत नाही, हे त्याचे लहान कारण. मोठे कारण अस्वल. मोहफुलांवर त्याची वासना आपल्याइतकीच. फुले वेचणाऱ्यांवर अस्वलाने हल्ला केल्याच्या वार्ता दर हंगामात येतात, आणि पाठीमागची चाहूल ऐकू येणे हेच ज्या वेळी एकमेव संरक्षण असते, त्या वेळी कान यंत्राच्या घरघरीला देणे म्हणजे जिवाशी खेळ. आदल्या दिवशी ऊन कलल्यावर, वाऱ्याकडे पाठ करून, बुंध्यापासून बाहेर असे वर्तुळ काढीत जावे. सकाळी फक्त टोपली न्यावी.

उडवलेल्या पानांचे काय, या प्रश्नाकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. छायेच्या कडेला गोल रचलेला पाचोळ्याचा बांध विखुरलेल्या पानांपेक्षा अधिक घातक असतो, कारण तेथे ठिणगी पडली तर ज्वाळा उंच उठते. धुऱ्याच्या अलीकडे कमरेएवढा खड्डा खणून पाने त्यात लोटावी, वर शेणकाला आणि माती टाकावी; पावसाळा ओलांडला की बांधीला घालण्याजोगे खत तयार होते. आम्ही हे दोन वर्षे केले आहे आणि दुसऱ्या वर्षीचा खड्डा पहिल्याहून मोठा खणावा लागला.

ज्याच्या नावे सातबारा नाही, मोह जंगलात आहेत आणि हंगाम जेमतेम पाच-सहा आठवड्यांचा, त्या घराने एकट्याने यंत्र घ्यावे असे मी म्हणणार नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने वनाच्या रक्षणाचा अधिकार व जबाबदारी ग्रामसभेला दिली आहे, आणि आपल्या जिल्ह्यात सामूहिक वनहक्क मिळालेल्या कित्येक ग्रामसभा आहेत. तेंदूपानाच्या उत्पन्नातून दोन ब्लोअर घेऊन ग्रामसभेच्या दप्तरात पाळीची नोंद ठेवणे अशा ग्रामसभेला जड नाही. जी रक्कम आज आग लागल्यानंतर खर्च होते तिचा लहानसा हिस्सा माघ महिन्यातच या कामी द्यावा, अशी माझी वनखात्याकडे आग्रहाची विनंती आहे. पाळीची वही मात्र वेचणाऱ्या बायकांच्याच हाती असावी.

यंदा आम्ही जुने यंत्र विकले आणि नवे घ्यायला आमगावला गेलो, तेव्हा वहिनीला बरोबर नेले. तिने पदर खोचला, मांडलेल्या तिन्ही यंत्रांच्या दोऱ्या स्वतः ओढल्या, मग एकेक उजव्या हातात आडवे धरून मनाशी शंभर आकडे मोजले. दुकानदार सर्वांत महाग यंत्राचे गुण मला सांगत होता. तिने मधले, साडेचार किलोंचे, उचलून त्याच्या पुढ्यात ठेवले आणि जाळी दाखव म्हणाली.