इंजिनिअर पुष्कळ झाले, आता वकील घडवा

हिंगोली, वसमत, कळमनुरी, औंढा, सेनगाव. आपल्या कुठल्याही मोहल्ल्यात बारावी सायन्सचा निकाल लागला की दोनच प्रश्न विचारले जातात. नीटला किती? सीईटीला किती? मुलगा हुशार असेल तर डॉक्टर, त्याखालोखाल इंजिनिअर, तेही जमलं नाही तर डी.फार्म किंवा डी.एड. "लॉ सीईटी दिलीस का?" असं कुणी विचारत नाही. एखाद्या मुलीने स्वतःहून विषय काढलाच, तर घरातून उत्तर तयार असतं: वकिली म्हणजे खोटं बोलण्याचा धंदा, आणि मुलीच्या जातीला कोर्टकचेरी कशाला?

मी स्वतः इंजिनिअर आहे. सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, पगार वेळेवर होतो. त्यामुळे द्राक्षं आंबट म्हणणारा कोल्हा मी नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की आपण अख्खी एक पिढी नोकरी मिळवण्यासाठी तयार केली, पण हक्क मागण्यासाठी केली नाही. नोकरीने घर चालतं. मोहल्ला चालवायला कायदा जाणणारा माणूस लागतो.

गावाकडून फोन येतात. कुणाला अतिक्रमणाची नोटीस आलेली असते आणि उत्तराची मुदत परवा संपणार असते. कुठे कब्रस्तानच्या जागेवर रातोरात तारेचं कुंपण पडलेलं असतं. कुणाच्या भाच्याला पोलीस ठाण्यात बसवून ठेवलेलं असतं आणि कलम कुठलं ते कुणी सांगत नाही. फोन करणाऱ्याला वाटतं, हा शिकलेला आहे, पुण्यात राहतो, याला कळेल. आता अटकेनंतर २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांसमोर हजर केलं पाहिजे आणि आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेता आला पाहिजे, हे घटनेच्या कलम २२ मध्ये लिहिलेलं आहे. ते मी फोनवर सांगू शकतो. पण वकीलपत्र दाखल करून कोर्टासमोर उभा राहू शकत नाही. माझ्यासारखे शंभर इंजिनिअर एकत्र आले तरी ते काम एका नव्या वकिलाइतकंही करू शकणार नाहीत.

आता बॅरिस्टर अंतुलेंबद्दल बोलू.

दरवर्षी त्यांचा फोटो आपल्या ग्रुपांवर फिरतो. खाली लिहिलेलं असतं, "कभी हमारा भी सीएम था." बस, तेवढंच. या माणसाने काय केलं, कसं केलं, कुठे चुकलं, यावर एक ओळ नसते. अब्दुल रहमान अंतुले १९२९ साली रायगड जिल्ह्यातल्या आंबेत गावी जन्मले. मुंबईत शिकले, लंडनला लिंकन्स इनमधून बॅरिस्टर झाले आणि परत कोकणात आले. १९६२ साली श्रीवर्धनमधून आमदार झाले. जून १९८० मध्ये मुख्यमंत्री झाले. महाराष्ट्राला त्यांच्याआधी मुस्लिम मुख्यमंत्री मिळाला नव्हता, नंतरही मिळालेला नाही.

मुख्यमंत्रिपद त्यांना जेमतेम दीड वर्षच मिळालं. तेवढ्यात काय झालं? १९८० मध्ये संजय गांधी निराधार योजना सुरू झाली. आज आपल्या तहसील कार्यालयाच्या पायऱ्यांवर कागद हातात घेऊन बसलेल्या विधवा आणि वृद्ध बाया दिसतात, त्यातल्या कित्येकींचं अनुदान याच योजनेतून येतं. त्या सगळ्या जातीधर्मांच्या आहेत. दुसरी गोष्ट आपल्या मराठवाड्याची. आपल्याकडे उच्च न्यायालय असावं ही इथल्या वकिलांची जुनी मागणी होती. अंतुले सरकारने १९८१ च्या सुरुवातीला तसा निर्णय घेतला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये औरंगाबादला उच्च न्यायालयाचं कामकाज सुरू झालं. पुढे १९८४ मध्ये त्याला कायम खंडपीठाचा दर्जा मिळाला. आज हिंगोलीच्या माणसाला जामिनासाठी मुंबई गाठावी लागत नाही. वकिलांनी मागणी लावून धरली आणि निर्णयाच्या खुर्चीत बॅरिस्टर होता. न्यायालय लांब असणं म्हणजे न्याय न मिळणं, हे वकिलाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

आणि त्यांची चूक? तीही लपवायची नाही. सिमेंटची टंचाई असताना कोट्याचं वाटप आणि ट्रस्टला मिळालेल्या देणग्या यांचा संबंध होता, असं मुंबई उच्च न्यायालयाने म्हटलं आणि जानेवारी १९८२ मध्ये त्यांना पद सोडावं लागलं. "आपला माणूस म्हणून अडकवला" असं म्हणून हात झटकणारे आपल्यात आहेत. मला ते मान्य नाही. दुसऱ्याच्या भ्रष्टाचाराला भ्रष्टाचार म्हणायचं आणि आपल्याच्या भ्रष्टाचाराला साजिश, हा इन्साफ नव्हे.

पण त्या खटल्यातून जे निघालं ते प्रत्येक कायद्याच्या विद्यार्थ्याला शिकावं लागतं. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने याच प्रकरणात सांगितलं की भ्रष्टाचाराविरुद्ध फौजदारी तक्रार कुणीही नागरिक करू शकतो, सत्ताधाऱ्याविरुद्धसुद्धा. १९८८ साली सात न्यायमूर्तींपुढे प्रश्न आला आणि बहुमताने ठरलं की न्यायालयाच्या स्वतःच्या चुकीचा फटका कुणालाही बसता कामा नये. डिसेंबर १९९१ मध्ये पाच न्यायमूर्तींनी सांगितलं की खटला लवकर चालणं हा कलम २१ खालचा हक्क आहे. तुरुंगातल्या कच्च्या कैद्यांमध्ये मुसलमानांचं प्रमाण लोकसंख्येतल्या वाट्यापेक्षा जास्त आहे, हे सरकारचेच आकडे दरवर्षी सांगतात. खटला उभा राहण्याची वाट बघत आत बसलेल्या पोरासाठी अर्ज लिहिताना वकील ज्या निकालाचा आधार घेतो, त्यावर अंतुलेंचं नाव आहे. पण तो आधार घ्यायला आधी वकील हवा.

यावर एक आक्षेप ठरलेला असतो. "तो जमाना गेला. आता आपल्याला तिकीट कोण देतं?" खरं आहे. २००४ मध्ये अंतुले लोकसभेवर गेले, त्यानंतर महाराष्ट्रातून दुसरा मुस्लिम खासदार निवडून यायला २०१९ उजाडलं. २०२४ मध्ये पुन्हा शून्य. राज्याच्या लोकसंख्येत आपण साडेअकरा टक्के, हे २०११ च्या जनगणनेचं मोजमाप.

पण अंतुले ज्या मतदारसंघांतून निवडून येत, तिथेही बहुसंख्य मतदार मुसलमान नव्हते. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातले कीथ एलिसन बघा. कृष्णवर्णीय, तरुणपणी इस्लाम स्वीकारलेले, पेशाने वकील. ज्यांना फी परवडत नाही अशा आरोपींसाठी काम करणाऱ्या मिनिआपोलिसच्या एका संस्थेचे ते प्रमुख होते. मग राज्याच्या विधिमंडळात गेले आणि २००६ मध्ये अमेरिकन संसदेवर निवडून आलेले पहिले मुस्लिम ठरले, तेही गोऱ्यांची बहुसंख्या असलेल्या मतदारसंघातून. २०१९ पासून ते राज्याचे अॅटर्नी जनरल आहेत, आणि जॉर्ज फ्लॉइडच्या खुनाबद्दल पोलीस अधिकारी डेरेक शॉविनला २०२१ मध्ये दोषी ठरवणारा खटला त्यांच्याच कार्यालयाने चालवला. आधी वकिली, मग लोकांचं काम, मग निवडणूक, हा त्यांचा क्रम. आपल्याकडे क्रम उलटा आहे. आधी बॅनर, मग वाढदिवस, मग तिकिटासाठी मुंबईच्या चकरा. लोकांचं काम राहूनच जातं.

आपल्याच जिल्ह्यातले कळमनुरीचे दिवंगत राजीव सातव पुण्यात कायदा शिकलेले होते. २००९ मध्ये आमदार, २०१४ मध्ये हिंगोलीचे खासदार. त्यांच्या घरात राजकारण होतं, आपल्यातल्या बहुतेकांच्या घरात नाही. म्हणून तर आपल्याला वकिलीची शिडी जास्त गरजेची आहे.

मग करायचं काय? बारावीनंतर पाच वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम आहे. बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. करून रिकामे बसलेल्यांसाठी तीन वर्षांचा आहे. नांदेड आणि औरंगाबादला लॉ कॉलेजं आहेत. ज्यांना पदवी नको, त्यांनी विधी सेवा प्राधिकरणाकडे विधी स्वयंसेवक म्हणून नाव द्यावं. महिलांना आणि कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, एवढी माहिती जरी प्रत्येक मोहल्ल्यात पोचली तरी पुष्कळ घरं सावकाराच्या दारात जायची वाचतील.

आणि माझ्यासारख्या पगारदारांना सांगतो: इज्तेमाला, जलशाला, लग्नाच्या हॉलला आपण पैसे काढतोच. पाच इंजिनिअरांनी मिळून एका मुलीची लॉ कॉलेजची फी आणि वकिलीची पहिली दोन-तीन वर्षं सांभाळावीत. ती वर्षं कमाईची नसतात, आणि आपली पोरं वकिली सोडतात ती तिथेच. मुलीचीच का? कारण तलाक, पोटगी, वारसाहक्क आणि घरातली मारहाण यांच्या फाईली घेऊन आपल्या बहिणी आज परक्या टेबलासमोर उभ्या राहतात आणि अर्धं बोलणं गिळतात.

पाच तालुके, पाच मुली. यंदाच्या लॉ सीईटीचा फॉर्म सुटला की आपल्या गल्लीतल्या एकीचा तरी भरा.