डागडुजी की नवं बांधकाम?

मैत्रिणींनो, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या सोसायटीतल्या बायका जमलो होतो. विषय अर्थातच पुनर्विकासाचा. पुण्यात हल्ली दुसरा विषय असतो कुठे? तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरची नवी सूनबाई म्हणाली, "काकू, चाळीस वर्षांची इमारत जुनी म्हणून पाडायची, मग पंचाहत्तरी उलटलेली राज्यघटना का नको बदलायला?" आमचे तिळगुळाचे हात तसेच राहिले!

तिचा प्रश्न अगदीच पोरकट नव्हता हं. १५ ऑगस्ट २०२३ ला अर्थतज्ज्ञ बिबेक देबरॉय यांनी वर्तमानपत्रात हेच लिहिलं होतं. आपली घटना बरीचशी १९३५ च्या इंग्रजी कायद्यावर बेतलेली आहे आणि जगातल्या लेखी घटनांचं सरासरी आयुष्य सतराच वर्षं असतं, असं त्यांचं म्हणणं. ते तेव्हा पंतप्रधानांच्या आर्थिक सल्लागार परिषदेचे अध्यक्ष होते. परिषदेनं लगेच हात झटकले. पुढे २०२४ मध्ये ते काही काळ आपल्या गोखले संस्थेचे कुलपतीही होते. त्याच वर्षीच्या लोकसभा निवडणुकीत 'संविधान बदलणार' या एका वाक्यावर महाराष्ट्रात गल्लोगल्ली वाद झाले, ते तुम्हाला आठवत असतीलच.

मी तिला म्हटलं, "अगं, इमारत पाडताना आधी काय विचारतेस? माझी जागा मला परत मिळेल ना? तेवढीच मिळेल ना?" घटनेचंही तसंच आहे. सगळंच नव्यानं लिहायचं म्हटलं, की मिळालेला प्रत्येक हक्क पुन्हा घासाघिशीला येतो. मताचंच पाहा. स्वित्झर्लंडसारख्या पुढारलेल्या देशात बायकांना देशाच्या निवडणुकीत मत मिळालं १९७१ साली. आपल्याला घटनेनं ते पहिल्याच दिवशी दिलं. आपणच मागे राहिलो! १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत सुमारे अठ्ठावीस लाख बायकांची नावं यादीतून गळली, कारण त्यांनी स्वतःचं नाव न सांगता 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' एवढंच सांगितलं होतं.

आणि डागडुजी काय थोडी झाली? शंभराहून अधिक दुरुस्त्या झाल्या. १९९२ च्या दुरुस्त्यांनी ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत बायकांना एकतृतीयांश जागा दिल्या. महाराष्ट्रानं २०११ मध्ये त्या निम्म्या केल्या.

अर्थात दुरुस्तीच्या नावाखाली खांबही पोखरता येतात. आणीबाणीत, १९७६ साली, बेचाळिसावी दुरुस्ती झाली. त्यातलं बरंचसं १९७८ मध्ये निस्तरावं लागलं. म्हणून १९७३ चा केशवानंद भारती खटला मोलाचा. संसदेला दुरुस्ती करता येईल, पण घटनेचा मूळ पाया उखडता येणार नाही, असं तेरापैकी सात न्यायाधीशांनी ठरवलं. आपले पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड तेव्हा उरलेल्या सहांत होते. पण १९८० मध्ये सरन्यायाधीश असताना मिनर्व्हा मिल्सच्या खटल्यात त्यांनीच तो पाया राखला.

चिलीच्या लोकांनी २०२० मध्ये नवी घटना हवी म्हणून भरघोस कौल दिला. पहिला मसुदा २०२२ मध्ये नाकारला, दुसरा २०२३ मध्ये. जुनीच राहिली.

सूनबाई मात्र हटली नाही. "समान कामाला समान वेतन घटनेत आहे म्हणता, पण ते मार्गदर्शक तत्त्वांत. त्यावरून थेट कोर्टात जाता येतं का?" मुद्दा खराच होता, मला मान्य करावा लागला. पण शिक्षणही आधी तिथंच होतं. २००२ च्या दुरुस्तीनं ते मुलांचा मूलभूत हक्क झालं. मग वेतनाचं का होऊ नये? त्यासाठी सगळी इमारत कशाला पाडायची?

तिचं समाधान झालं का, ठाऊक नाही. जाताना वाणाचा स्टीलचा डबा घेतला आणि माझ्याकडची घटनेची मराठी प्रतही मागून नेली. पंधरा दिवस झाले, अजून परत आलेली नाही.