होड्यांची शर्यत आणि बंधाऱ्याचं पाणी

पावसाळ्यात कृष्णा भरून वाहू लागली की सांगलीच्या घाटांवर आणि आयर्विन पुलावर माणसं दाटीवाटीनं उभी राहतात. होड्यांच्या शर्यती असतात. कवठेपिरान, समडोळी, डिग्रज अशा नदीकाठच्या गावांचे संघ लांबट, अरुंद होड्या पाण्यात उतरवतात, वल्ही एका तालात पडू लागतात आणि काठावरून आपापल्या गावाच्या नावानं आरोळ्या सुटतात. बैलगाडा शर्यतीवरून राज्यात मोर्चे निघाले, सर्वोच्च न्यायालयापर्यंत खटले चालले. होड्यांच्या शर्यतीचं कौतुक मात्र जिल्हा पुरवणीच्या पलीकडे फारसं जात नाही. शहरातल्या माणसाला कयाकिंग म्हणजे मनालीच्या सहलीतला एक फोटो वाटतो; वल्हं मारण्यात पिढ्या घालवलेली गावं आपल्याच राज्यात आहेत, हे त्याच्या गावीही नसतं.

दुसरं ठिकाण कोलाड. ताम्हिणी घाटाच्या पायथ्याशी भिरा येथे टाटांचं जलविद्युत केंद्र १९२७ पासून चालू आहे. मुळशी धरणाचं पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून मोठ्या नळांतून खाली येतं, वीज तयार करतं आणि पुढं कुंडलिकेत सोडलं जातं. सकाळी पाणी सुटलं की राफ्टवाले आणि कयाकवाले नदीत उतरतात. पाणी बंद झालं की नदी पुन्हा खडकांची. मुंबईला विजेची गरज किती, यावर इथल्या नदीचं वेळापत्रक ठरतं. त्यामुळे इथं काम करणारा पोरगाही आधी पाणी कधी सुटणार, किती सुटणार हे विचारतो आणि मगच हेल्मेट घालतो. सवयीनं अंगवळणी पडलेला हा प्रश्न महाराष्ट्रातल्या बाकीच्या नद्यांवर फार कमी जण विचारतात.

पोहता येतं म्हणून नदीत भागतं, ही आपली जुनी समजूत आहे. पाठीला भोपळा किंवा रिकामा डबा बांधून विहिरीत शिकलेला मुलगा पट्टीचा पोहणारा होतो, यात वाद नाही. पण विहिरीचं पाणी कुठं जात नसतं. नदीचं जातं, आणि जाताना समोर येईल ते घेऊन जातं. कयाक चालवणाऱ्याला पहिल्याच दिवशी शिकवलं जातं की वाहत्या पाण्यात पडलास तर उभं राहू नकोस. मांडीभर पाण्यातही पाऊल दगडांच्या फटीत अडकलं की मागून येणारा प्रवाह माणसाला पुढं वाकवतो आणि तोंड पाण्याखाली दाबून धरतो. उताणं व्हायचं, पाय वर ठेवून प्रवाहाच्या दिशेला करायचे आणि तिरकं कापत काठ गाठायचा. पाण्यात आडव्या पडलेल्या बाभळीपासून लांब राहायचं, कारण फांद्यांमधून पाणी आरपार जातं, माणूस जात नाही. पाण्याचा वेग दुप्पट झाला तर त्याचा रेटा चौपट होतो. काल जिथं सहज उभं राहता आलं, तिथं आज पाय टिकत नाही तो यामुळे.

दर पावसाळ्यात वर्तमानपत्रांत विसर्गाचे आकडे छापून येतात: इतके हजार क्युसेक. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. वीस हजार क्युसेक म्हणजे दर सेकंदाला साडेपाचशे टनांहून अधिक पाणी. सेल्फीसाठी पुलाच्या कठड्यावर बसणाऱ्याला हा हिशेब कुणी सांगत नाही.

आता बंधाऱ्याकडे येऊ. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा ही पश्चिम महाराष्ट्राची मोठी कमाई. संस्थानकाळापासून पंचगंगेच्या खोऱ्यात रुजलेली ही रचना पुढं राज्यभर पसरली. नदीत ठरावीक अंतरानं दगडी किंवा काँक्रीटचे खांब, खांबांना खाचा, खाचांत बसवलेले बरगे आणि वरून जायला रस्ता. पावसाळा सरला की ऑक्टोबरच्या सुमारास बरगे बसवायचे, पाणी अडवायचं आणि पुढचा पाऊस येण्याआधी ते काढून घ्यायचे. ऊस उभा राहिला, जनावरांना पाणी मिळालं, ते अशा बंधाऱ्यांमुळे. त्यांची उपयुक्तता निर्विवाद आहे, आणि बहुधा म्हणूनच त्यांच्या धोक्याबद्दल बोलणं राहून गेलं.

बरगे बसवलेले असताना वरून पाणी पडतं, त्याकडे काठावरून नीट पाहावं. पडणारं पाणी थेट तळाला जातं, तळावर आपटून थोड्या अंतरावर वर उसळतं आणि त्यातलं बरंचसं पृष्ठभागावरून पुन्हा भिंतीकडे येतं. रहाटगाडग्यासारखं हे फिरत राहतं. ओंडका, चपला, प्लास्टिकच्या बाटल्या, पाण्यावर तरंगणारा नारळ, जे काही त्यात सापडतं ते भिंतीपाशी गोल गोल फिरताना दिसतं. एखादी बाटली पाच-पाच मिनिटं तिथून हलत नाही. माणूस पडला तर त्याचीही तीच गत होते. शिवाय तिथल्या पांढऱ्या फेसात हवा इतकी मिसळलेली असते की अंगावर लाइफ जॅकेट असूनही नेहमीइतकं तरंगता येत नाही. धबधब्याखाली निदान खडक असतात, कुठं तरी फट असते, पाण्याला बाहेर पडायला वाट असते. बंधाऱ्याची भिंत या काठापासून त्या काठापर्यंत सरळ, म्हणून तिथं बाजूनं सुटायला जागाच नाही. आणि बरगे काढलेले असले तर खांबांमधल्या गाळ्यांतून पाणी इतक्या जोरानं ओढलं जातं की होडी खांबाला आडवी चिकटते आणि मोडते. उंची जेमतेम दोन-तीन मीटर, म्हणून भीती वाटत नाही. माणसं तिथं फसतात, त्याचं खरं कारण हेच.

२३ मे २०२४ ला अकोले तालुक्यातल्या सुगावला प्रवरेच्या पात्रात काय घडलं, ते राज्यानं टीव्हीवर पाहिलं. आदल्या दिवशी नदीत बुडालेल्या तरुणाचा शोध घ्यायला धुळ्याहून राज्य आपत्ती प्रतिसाद दलाचं पथक आलं होतं. बंधाऱ्याजवळच्या भोवऱ्यात त्यांची बोट उलटली आणि दलाचे तीन जवान गेले. पोहायला शिकलेले, गणवेशातले, बुडणाऱ्यांना काढण्यासाठीच नेमलेले हे जवान. त्याच्या दोनच दिवस आधी, २१ मे रोजी, कुगावहून कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट उजनीच्या जलाशयात वादळात उलटून सहा जण बुडाले होते. आठवड्याभरात दोन्ही बातम्या आतल्या पानांवर गेल्या.

बंधाऱ्याखाली सोडवायला गेलेलेच अडकतात, हा अनुभव जगभरचा आहे. अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन शहरात १९७५ मध्ये सस्क्वेहाना नदीवरच्या अशाच बुटक्या बंधाऱ्याखाली बचावाला गेलेली अग्निशमन दलाची बोट उलटली आणि जवान मृत्युमुखी पडले. तिथं पुढं या विषयावर प्रशिक्षणपट निघाले, बचाव दलांचे अभ्यासक्रम बदलले आणि पेनसिल्व्हेनिया राज्यानं १९९८ मध्ये कायदाच केला: बंधारा ज्याच्या मालकीचा, त्यानंच वरच्या व खालच्या बाजूला धोक्याचे फलक आणि पाण्यात तरंगते बोये लावायचे. आपल्याकडे बंधाऱ्यावर फलक असलाच तर तो ‘पूल पाण्याखाली असताना वाहतूक बंद’ असा, दुचाकीवाल्यासाठी. पाण्यातून येणाऱ्याला तो दिसतही नाही. वरच्या अंगानं वल्हं मारत येणाऱ्याला बंधाऱ्याची भिंत पाण्याच्या सपाट रेषेमागं लपलेली असते. आवाज ऐकू येईपर्यंत वेळ गेलेली असते.

वेल्समधल्या हॅवरफर्डवेस्टचा प्रसंग तर खेळाच्या आयोजकांनी भिंतीवर लावून ठेवावा असा आहे. ३० ऑक्टोबर २०२१ रोजी, भरपूर पाऊस झालेला असताना, उभ्यानं वल्हवायच्या फळ्या घेऊन नऊ जणांची सहल नदीत उतरली. वाटेत शहरातला बंधारा होता. त्यावरून जाताना चौघे गेले, त्यात मदतीला पुन्हा पाण्यात उतरलेला मार्गदर्शकही होता. सरकारी चौकशीनं निष्कर्ष काढला की हे टाळता आलं असतं. सहभागी झालेल्यांना पुढं बंधारा आहे हे नीट सांगितलेलं नव्हतं, धोक्याचा आगाऊ अंदाज घेतलेला नव्हता. सहल काढणाऱ्या महिलेला २०२५ मध्ये साडेदहा वर्षांची शिक्षा झाली. आपल्याकडे एखाद्या बुडण्याच्या घटनेत आयोजकाला अशी शिक्षा झाल्याचं चटकन आठवत नाही. आठवते ती मदतीची रक्कम.

स्पर्धा आली की सुरक्षा ढिली होते, असा एक समज आहे. अनुभव उलट सांगतो. ऑलिंपिकमधल्या कयाक स्लॅलममध्ये पाण्यावर टांगलेल्या खांबांमधून जावं लागतं. खांबाला स्पर्श झाला तर दोन सेकंदांचा दंड, दार चुकलं तर पन्नास सेकंदांचा. इतक्या बारकाईनं वेळ मोजणाऱ्या या खेळात काठावर दोरीची पिशवी घेऊन माणसं उभी असतात आणि स्पर्धक उलटला तर त्यानं होडीत बसल्या बसल्याच कमरेच्या झटक्यानं स्वतःला सरळ करावं, हे प्राथमिक कौशल्य मानलं जातं. केरळात कोझिकोडजवळ कोडंचेरीला ऐन पावसाळ्यात चालिपुळा आणि इरुवंजिपुळा या नद्यांवर मलबार रिव्हर फेस्टिव्हल भरतो. पाणी खवळलेलं असतं, म्हणूनच तिथं जातात, पण अवघड जागी आधीच वाचवणारे ठेवूनच.

ती दोरीची पिशवी पाहण्यासारखी असते. कापडी थैलीत पंधरा-वीस मीटर तरंगणारी दोरी सैल भरलेली. एक टोक हातात धरायचं, ‘दोरी’ म्हणून मोठ्यानं ओरडायचं आणि थैली बुडणाऱ्याच्या पलीकडे फेकायची. दोरी आपोआप सुटत जाते. महागडं यंत्र नाही, पेट्रोल नाही. सरावाला गावचा घाट पुरे. बचावाचा जगभरचा क्रम असा: आधी ओरडून सांगा, मग काठी पुढं करा, मग दोरी फेका, मग बोट न्या आणि अगदी शेवटी स्वतः उतरा. आपल्याकडे हा क्रम नेमका उलटा. आधी कुणीतरी धाडसी पोरगा उडी मारतो आणि मग दोघांना शोधावं लागतं.

सांगलीनं याची किंमत मोजली आहे. २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी पाणी साडेसत्तावन्न फुटांवर गेलं. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. ८ ऑगस्टला कृष्णा-येरळेच्या संगमावरच्या ब्रह्मनाळला ग्रामस्थांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि सतरा जण दगावले, त्यात बायका-मुलं होती. क्षमतेपेक्षा जास्त माणसं चढलेली, अंगावर जॅकेटं नाहीत. त्या दिवशी बोटीत चढणाऱ्यांना दोष देता येत नाही, पाणी दारात आलेलं होतं. दोष आधीच्या कोरड्या महिन्यांचा आहे, जेव्हा कुणीही सराव केला नाही.

राज्यानं २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं. नोंदणी, प्रशिक्षित मार्गदर्शक, सुरक्षा साधनं यांचे नियम त्यात आहेत आणि कोलाडसारख्या ठिकाणी ते हवेच होते. पण ते पर्यटकांसाठी. गावची होडी शर्यत, वाळू काढणारी होडी, पुरात उतरणारी ग्रामपंचायतीची बोट आणि या सगळ्यांच्या वाटेत उभा असलेला बंधारा यांचा विचार कुठं होतो? पाटबंधारे खातं बंधाऱ्याकडे साठा म्हणून पाहतं, महसूल खातं पूल म्हणून, पोलीस पंचनाम्याची जागा म्हणून.

म्हणून मागणी छोटी आहे. बरगे बसवण्या-काढण्याचं काम दरवर्षी होतंच. त्याच कामात वरच्या अंगाला, निदान शंभर मीटरवर, पाण्यातून दिसेल असा फलक आणि बोयांची एक रांग बसवा. विसर्ग वाढवताना मोबाइलवर संदेश जातो तसा बोट क्लबांच्या प्रमुखांनाही पाठवा. शर्यतीच्या परवानगीत दोरीच्या पिशव्या, जॅकेटं आणि खालच्या अंगाला एक बचाव होडी, या तीन अटी लिहा. आणि ज्यांना वाहतं पाणी कळतं, त्या कोलाडच्या कयाकवाल्यांना आणि कृष्णाकाठच्या वल्हेकऱ्यांना मानधन देऊन आपत्ती दलाच्या प्रशिक्षणात बोलवा. बोटी विकत घेण्यापेक्षा हे स्वस्तात होतं.

मंत्रालयाची वाट पाहायची गरज नाही. २ ऑक्टोबरला ग्रामसभा असते आणि बरगेही त्याच सुमारास बसतात. नदीकाठच्या गावातल्या वाचकांनी त्या सभेच्या विषयपत्रिकेत आपल्या बंधाऱ्याचा ठराव घालून घ्यावा.