मालकी ग्राहकाची, किल्ली कंपनीची

‘विकत घेणे’ या शब्दाला आपल्या व्यवहारात एक निश्चित अर्थ आहे. पितळेचे पातेले विकत घेतले की ते आपले झाले. त्याला कल्हई कोणाकडून लावून घ्यायची, ते लेकीला द्यायचे की मोडीत घालायचे, हे ठरविण्याचा अधिकार दुकानदाराकडे उरत नाही. पुस्तकाचेही तसेच. दाम मोजून घेतलेले पुस्तक वाचावे, समासात टिपणे करावीत, शेजाऱ्याला द्यावे, नातवासाठी जपून ठेवावे. खरेदी म्हणजे मालकीचे हस्तांतरण, हा संकेत पिढ्यान्‌पिढ्या इतका पक्का होता की तो कोणी शिकविण्याची गरजच पडली नाही. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत संगणक, भ्रमणध्वनी आणि ई-पुस्तके आपल्या घरात आली आणि हा संकेत मोडला गेला. खेदाची गोष्ट अशी की, आपल्या सुशिक्षित मध्यमवर्गाने त्याची दखलही घेतली नाही.

घर भाड्याने देताना करारनाम्याची ओळन्‌ओळ वकिलाला दाखविणारा गृहस्थ, नव्या सॉफ्टवेअरचा लांबलचक करारनामा पडद्यावर येताच तो न वाचता ‘मान्य आहे’ यावर टिचकी मारतो. त्या करारात बहुधा स्पष्ट लिहिलेले असते की, ही वस्तू आपणास विकलेली नाही. ती वापरण्याचा केवळ परवाना दिलेला आहे. म्हणजे पैसे मालकाचे आणि दर्जा कुळाचा! दुकानाच्या पाटीवर ‘खरेदी करा’ आणि करारात ‘परवाना’, अशी ही दुहेरी भाषा आहे. तिच्याविरुद्ध आवाज उठविणे हे प्रत्येक सुजाण ग्राहकाचे कर्तव्य आहे.

रातोरात नाहीशी होणारी पुस्तके

ही भीती काल्पनिक आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी जुलै २००९मधील घटना आठवावी. अमेरिकेत अ‍ॅमेझॉन कंपनीने आपल्या ‘किंडल’ या वाचनयंत्रावर विकलेली काही पुस्तके ग्राहकांच्या यंत्रांतून परस्पर पुसून टाकली. ती पुस्तके होती जॉर्ज ऑर्वेलची ‘१९८४’ आणि ‘अ‍ॅनिमल फार्म’. नागरिकाच्या प्रत्येक श्वासावर पाळत ठेवणाऱ्या सत्तेचे चित्रण करणारी कादंबरी वाचकाच्या हातातून अशी काढून घेतली जावी, हा दैवदुर्विलासच. विक्रेत्याकडे त्या आवृत्तीचे हक्क नव्हते, हे कंपनीचे स्पष्टीकरण खरे होते. पैसेही परत करण्यात आले आणि कंपनीच्या प्रमुखांनी जाहीर माफी मागितली. परंतु प्रश्न पैशांचा नव्हताच. छापील पुस्तकाच्या हक्कांविषयी वाद निर्माण झाला, तर प्रकाशक रात्री आपल्या घरात शिरून कपाटातील प्रत उचलून नेतो काय? एका विद्यार्थ्याने त्या पुस्तकावर केलेली अभ्यासाची टिपणेही या प्रकारात निरुपयोगी झाली.

२०१९ साली मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले, तेव्हा विकलेली सर्व पुस्तके वाचता येईनाशी झाली. येथेही पैसे परत मिळाले. ग्रंथसंग्रह मात्र गेला. फेब्रुवारी २०२५मध्ये अ‍ॅमेझॉनने किंडलची पुस्तके संगणकावर उतरवून जपून ठेवण्याची जुनी सोय काढून टाकली. अखेर अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याला कायदा करावा लागला. १ जानेवारी २०२५पासून तेथे, केवळ परवाना देत असताना तसे स्पष्ट सांगितल्याशिवाय ‘खरेदी’ हा शब्द वापरण्यास विक्रेत्याला मनाई आहे. शब्दाला त्याचा अर्थ परत मिळावा म्हणून कायदा करावा लागतो, यावरून बिघाड किती खोलवर गेला आहे याची कल्पना यावी.

कुलूप कोणाच्या दाराला?

या व्यवस्थेचे समर्थक एक आक्षेप घेतात आणि तो गंभीर आहे. लेखक, संगीतकार, सॉफ्टवेअर तयार करणारे अभियंते यांनी पोट कसे भरावे? कुलूप नसेल तर चोर माजतील. कलावंताच्या श्रमाचे मोल त्याला मिळालेच पाहिजे, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो कुलपाने चोर अडतो काय, हा. अनुभव असा की, चोरलेल्या प्रतीला कुलूप नसते. ती सर्वत्र विनासायास उघडते. कुलपाचा जाच होतो तो प्रामाणिकपणे पैसे देणाऱ्यालाच. २००९ साली अ‍ॅपलने आपल्या संगीताच्या दुकानातील गाण्यांवरील कुलपे काढून टाकण्याचे जाहीर केले. त्यानंतर संगीताचा व्यवसाय बुडाला नाही.

कुलूप लावणारे कोणत्या थराला जाऊ शकतात, हे २००५ साली सोनी बीएमजी या संगीत कंपनीने दाखवून दिले. तिच्या काही सीडी संगणकात घालताच एक प्रणाली गुपचूप बसत असे आणि स्वतःला अशी दडवून ठेवत असे की, तिच्या आडोशाने व्हायरसनाही लपता यावे. हे उघडकीस आल्यावर कंपनीला त्या सीडी बाजारातून परत घ्याव्या लागल्या. अमेरिकेच्या गृहसुरक्षा खात्याच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने त्या वेळी कंपन्यांना सुनावले होते. त्याचा आशय असा की, बौद्धिक संपदा तुमची असेल, संगणक तुमचा नाही. या वादाचा निवाडा इतक्या थोडक्यात दुसऱ्या कोणी क्वचितच केला असेल.

येथे आपल्या संसदेच्या विवेकाची नोंद घेतली पाहिजे. अमेरिकेच्या १९९८च्या कायद्याने डिजिटल कुलूप उघडणे हेच मुळात बेकायदेशीर ठरविले आणि सवलतींसाठी दर तीन वर्षांनी दाद मागण्याची पाळी नागरिकांवर आणली. भारताने २०१२मध्ये प्रताधिकार कायद्यात दुरुस्ती केली, तेव्हा कलम ६५-अ अन्वये कुलूप तोडणाऱ्याला शिक्षा ठेवली. परंतु ती हक्कभंगाच्या हेतूने तोडणाऱ्याला. कायद्याने मना न केलेल्या कामासाठी कुलूप उघडणाऱ्याला त्यातून वगळले. संगणकप्रणालीची सुरक्षित प्रत काढून ठेवणे, दुसऱ्या प्रणालीशी ती जुळावी म्हणून तिचा अभ्यास करणे, अंधांना वाचता येईल अशा स्वरूपात पुस्तक आणणे, यांसाठी आपल्या कायद्यात स्वतंत्र तरतुदी आहेत. परक्या कायद्याची नक्कल न करता केलेली ही रचना आहे. ती किती वाचकांना ठाऊक आहे?

दुरुस्तीचा हक्क आणि कचऱ्याचे डोंगर

आपल्या संस्कृतीत वस्तू टाकून देण्यापूर्वी दहादा विचार होत असे. फाटलेल्या धोतराचे पंचे होत, पंच्यांची पायपुसणी होत आणि जुन्या लुगड्यांची गोधडी होई. आज दोन-तीन वर्षे वापरलेला भ्रमणध्वनी दुरुस्त करावा म्हटले तर बॅटरी आत चिकटवून टाकलेली, सुटे भाग बाजारात नाहीत आणि दुरुस्तीचा खर्च नव्या यंत्राच्या जवळ जाणारा. डिसेंबर २०१७मध्ये अ‍ॅपलने मान्य केले की, बॅटरी जुनी झालेल्या आयफोनचा वेग कंपनीच कमी करीत होती. यंत्र अचानक बंद पडू नये म्हणून असे केले, हे कारण तिने दिले. ते ग्राह्य धरले तरी ग्राहकाला अंधारात का ठेवले, याचे उत्तर उरतेच. फ्रान्सने २०२०मध्ये या मौनाबद्दलच अडीच कोटी युरोंचा दंड केला. ज्याला बॅटरी बदलून भागले असते, अशा ग्राहकाने नवा फोन घेतला असेल तर तो भुर्दंड कोणाच्या खात्यावर घालायचा?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार मायक्रोसॉफ्टने थांबविला. पुढची प्रणाली चालण्यासाठी विशिष्ट सुरक्षा-चिप आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. अटी घालून एका वर्षाची मुदतवाढ देऊ करण्यात आली. पण सुस्थितीतील असंख्य संगणक केवळ एका कंपनीच्या निर्णयाने म्हातारे ठरले. २०२२ या एका वर्षात जगात सुमारे ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्याच्या चौथ्या हिश्श्याइतक्या कचऱ्याचीही रीतसर विल्हेवाट लागल्याची नोंद नाही. ज्या यंत्राची आयुर्मर्यादा त्याच्या मालकाला ठरविता येत नाही, ते यंत्र त्याचे कसे म्हणावे? आपल्या केंद्र सरकारने जुलै २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये त्यासाठी संकेतस्थळ सुरू केले. पाऊल योग्य दिशेने पडले. मात्र सुटे भाग व दुरुस्तीची माहिती देण्याचे बंधन कायद्याने आल्याखेरीज गल्लीतल्या कारागिराच्या हाती काही पडणार नाही.

प्रश्न केवळ घरापुरता नाही

जुलै २०२५मध्ये युरोपीय संघाने गुजरातमधील वाडीनार येथील तेलशुद्धीकरण कारखाना चालविणाऱ्या नायरा एनर्जी या कंपनीवर निर्बंध लादले. या कंपनीत रशियाच्या रोसनेफ्टचा मोठा हिस्सा आहे. त्यानंतर काही दिवसांतच मायक्रोसॉफ्टने तिच्या सेवा थांबविल्या. रीतसर पैसे भरलेले असताना ईमेल आणि स्वतःचीच माहिती हाती लागेना. कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली आणि महिनाअखेर सेवा पूर्ववत झाल्या. भारतातील कोणत्याही न्यायालयाने तसा आदेश दिलेला नव्हता, सरकारने दिलेला नव्हता. वर्षाला दोन कोटी टन तेल शुद्ध करणाऱ्या कारखान्याची ही अवस्था होत असेल, तर एखादी सहकारी बँक, रुग्णालय किंवा विद्यापीठ कोणत्या भरवशावर निश्चिंत आहे?

यावर ‘मग स्वदेशी कंपनीचे सॉफ्टवेअर घ्या’ हा उपाय आपल्या वर्तुळात तत्परतेने सुचविला जातो. स्वदेशी उद्योग वाढलाच पाहिजे. परंतु कुलूप स्वदेशी असले म्हणून किल्ली आपल्या हाती येत नाही. खरा निकष हा की, आपली माहिती खुल्या प्रमाणकात साठविली आहे काय, ती उचलून दुसरीकडे नेता येते काय आणि प्रणालीच्या आत काय चालले आहे हे तपासता येते काय. हा निकष देशी-विदेशी दोघांनाही सारखाच लावला पाहिजे. भारतीय मानक ब्यूरोने मार्च २००८मध्ये मायक्रोसॉफ्टच्या दस्तऐवज-प्रमाणकाविरुद्ध आंतरराष्ट्रीय पातळीवर मत नोंदविले, तेव्हा हीच दृष्टी दाखविली होती. केंद्राने २०१० साली ई-प्रशासनासाठी खुल्या प्रमाणकांचे धोरण आणि २०१५ साली मुक्त सॉफ्टवेअरचे धोरण जाहीर केले. धोरणे आहेत, आग्रह धरणारे नागरिक नाहीत.

मराठी माणसाला तर हा धडा वेगळा शिकविण्याची गरज नसावी. १९९०च्या दशकात आपल्या संस्थांनी अहवाल, स्मरणिका, दिवाळी अंक संगणकावर जुळविले. प्रत्येक कंपनीच्या फाँटची संकेतरचना निराळी. काहींना तर संगणकाच्या मागे डोंगल नावाचे कुलूप खोचावे लागे. भारतीय लिपींचे राष्ट्रीय प्रमाणक १९९१मध्येच झाले होते आणि त्याच वर्षी आलेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतही देवनागरी होती. तरीही आपण वर्षानुवर्षे खासगी संकेतांना चिकटून राहिलो. परिणाम काय? मोडी वाचता येणाऱ्याला साडेतीनशे वर्षांपूर्वीचे शिवकालीन पत्र आजही वाचता येते; पण पंचवीस वर्षांपूर्वीच्या स्मरणिकेची फाइल उघडावी तर पडद्यावर अगम्य चिन्हांचा सडा पडतो. भाषेचा अभिमान बाळगणाऱ्या समाजाने आपलेच शब्द परक्या कुलपात ठेवले, याला काय म्हणावे?

चोरी हे स्वातंत्र्य नव्हे

आता थोडे आपल्या घरात डोकावू. कंपन्यांच्या मक्तेदारीला शिव्या देणाऱ्या कित्येक घरांत आणि कार्यालयांत संगणकावरील सॉफ्टवेअर चोरीचे असते. मराठीच्या अस्तित्वाची चिंता वाहणारे लोक ताज्या मराठी कादंबरीची बेकायदा पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर उत्साहाने पुढे पाठवितात. हा शुद्ध दांभिकपणा आहे आणि मक्तेदारीला त्याने धक्काही लागत नाही. १९९८ साली बिल गेट्स यांनी चीनविषयी बोलताना म्हटले होते की, लोक चोरणारच असतील तर त्यांनी आमचे सॉफ्टवेअर चोरावे. त्यांना सवय लागेल आणि पैसे वसूल करण्याचा मार्ग आम्ही पुढे शोधू. चोरीची प्रत वापरणारा स्वतःला चतुर समजतो, प्रत्यक्षात तो गळाला लागलेला मासा असतो.

प्रामाणिक मार्ग उपलब्ध आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३मध्ये मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ सुरू केली. वापरणे, अभ्यासणे, बदलणे आणि वाटणे, या चार स्वातंत्र्यांवर ती उभी आहे. येथे मुक्त म्हणजे फुकट नव्हे. मुक्त म्हणजे मोकळे. लिनक्स आणि लिब्रेऑफिस त्याच परंपरेतील. केरळमधील सत्ताधाऱ्यांशी आपले मतभेद कितीही असोत, तेथील शासकीय शाळांनी मुक्त सॉफ्टवेअरवर संगणकशिक्षण उभे करून दाखविले, हे मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. जे केरळच्या खेड्यातील शिक्षकाला जमले, ते महाराष्ट्रातील शिक्षकाला का जमू नये?

कूळ कायद्याच्या काळात ‘कसेल त्याची जमीन’ ही घोषणा या राज्याने ऐकली आणि अमलातही आणली. डिजिटल शेतातील कुळांना तसा कायदा मिळायचा तेव्हा मिळेल. तोवर काही गोष्टी आपल्याच हाती आहेत. आधार थांबलेला घरातील संगणक भंगारात देण्यापूर्वी त्यावर लिनक्स घालून पाहावे. संस्थेचा प्रत्येक मराठी मजकूर युनिकोडमध्येच साठवावा आणि जुन्या फाइली, त्या उघडणारी यंत्रे शिल्लक आहेत तोवर रूपांतरित करून घ्याव्यात. नवी वस्तू घेताना किमतीआधी विचारावे की, बॅटरी बदलता येते काय आणि सुटे भाग किती वर्षे मिळतील. ग्राहक संघटनांनी दुरुस्तीच्या हक्काची मागणी आपल्या आमदार-खासदारांपर्यंत लेखी न्यावी. आणि ज्याचे मोल द्यायचे त्याचे मोल चुकते करून, मग ताठ मानेने म्हणावे की दाम आम्ही मोजला आहे. आता किल्ली आमच्या हाती द्या.