जवानाचा घोटा आणि आपली संरक्षणसिद्धता

११ डिसेंबर १९७१ रोजी टांगाईलजवळ आपल्या दुसऱ्या पॅरा बटालियनचे जवान आकाशातून उतरले आणि पुंगलीचा पूल ताब्यात घेऊन त्यांनी ढाक्याकडे माघार घेणाऱ्या पाकिस्तानी फौजेची वाट रोखली. ही बटालियन मूळची मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी पलटण. त्या पराक्रमाचे स्मरण आपण अभिमानाने करतो. परंतु जमिनीला पाय टेकण्याचा तो क्षण क्वचितच कोणाच्या ध्यानी येतो.

छत्री उघडल्यावरही जवान सेकंदाला सुमारे ६ मीटर वेगाने खाली येतो. सहा फुटी भिंतीवरून उडी मारावी तसा हा आघात. त्यात शस्त्रसामग्रीचा भार, आडवा वारा आणि अनेकदा अंधार. हा वेग १० सेंटिमीटरमध्ये थांबला, तर शरीरावर स्वतःच्या वजनाच्या सुमारे १८ पट बळ येते. ३० सेंटिमीटरमध्ये थांबला, तर सहापट. आघातशोषणाचे सारे शास्त्र या अंतरात आहे. बुटाचा तळ एवढे अंतर देऊ शकत नाही. म्हणून पाय जुळवून कुशीवर लोळण घेण्याचे शिक्षण दिले जाते. साधनाने घोटा मुरगळू देऊ नये, वजन वाढवू नये आणि उतरताच क्षणात सुटावे.

अमेरिकी सैन्याने बुटावरून बांधायचे घोट्याचे कवच आणले. चाचण्यांत घोटे मुरगळण्याचे प्रमाण घटले. तरीही खर्च आणि इतर दुखापतींच्या ऐकीव तक्रारी यांपायी २००० साली ते बंद झाले. पुढे मोजणीत घोट्यांच्या दुखापती वाढल्याचे दिसले आणि कवच परत आले. मोजमापाऐवजी ऐकिवावर विसंबण्याची किंमत जवानांनी मोजली.

आपण हा धडा आयता घ्यावा. छत्र्यांचे संशोधन आग्र्यात चालते. पण आघाताचे शास्त्र अहिल्यानगरला परके नाही. येथील व्हीआरडीई ही संरक्षण संशोधन संस्था लष्करी वाहने खडबडीत मार्गांवर पारखते. टाटा मोटर्ससह तिने आठ चाकांचे चिलखती वाहन साकारले. चाकाचा धक्का आतल्या जवानापर्यंत आणि जमिनीचा धक्का घोट्यापर्यंत पोहोचू न देणे, ही एकाच विद्येची दोन रूपे. लोणी, संगमनेर, कोपरगाव येथील अभियांत्रिकी महाविद्यालयांनी हा विषय विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांसाठी घ्यावा. सहा फुटांवरून पुतळा सोडून आघात मोजण्यास अब्जावधींचा निधी लागत नाही.

रणगाडे आणि विमाने यांच्या स्वावलंबनाची चर्चा अवश्य व्हावी. मात्र शत्रूच्या भूमीवर उतरलेला जवान पहिले पाऊल टाकू शकला नाही, तर त्या सिद्धतेचा उपयोग काय?